मुलं येईनात, म्हणून शाळा निघाली: बोर्डी-कोसबाडचं प्रकरण

हे प्रकरण डहाणू तालुक्यातलं आहे. १९४५ साली बोर्डी या समुद्रकाठच्या गावात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ग्राम बालशिक्षण केंद्र सुरू केलं आणि १९५७ मध्ये ते काम जवळच्याच कोसबाडच्या टेकडीवर, वारल्यांच्या पाड्यांमध्ये नेलं. आज देशभर चालणाऱ्या अंगणवाडीचं मूळ इथे आहे, हे शिक्षकी पेशातल्या बहुतेकांना अभ्यासक्रमातून ठाऊक असतं. पण तिथे ते एका ओळीत उरकलं जातं आणि खरा पेच त्या ओळीत हरवतो. शाळा आहे, शिक्षिका जाणकार आहे, शिकवण्याची पद्धत उत्तम आहे, दार सगळ्यांना उघडं आहे, आणि तरीही ज्यांच्या गरजेपोटी हे सगळं मांडलं ती मुलं फिरकत नाहीत. अशा वेळी शाळा चालवणाऱ्याने करायचं काय?

शैक्षणिक नेतृत्व, सर्वसमावेशकता, सामाजिक न्याय या विषयांच्या आता कार्यशाळा होतात, त्यात पदव्या मिळतात. त्या वर्गांमध्ये परदेशातली प्रकरणं अभ्यासाला ठेवतात, आणि मुंबईहून लोकलने जाता येईल अशा जागी घडलेलं हे प्रकरण कोणी उघडत नाही. म्हणून ते इथे तपशिलात मांडतो आहे.

दोघीजणी

ताराबाईंचा जन्म १८९२ चा, मुंबईतल्या प्रार्थनासमाजी घरातला. १९१४ साली त्या बी.ए. झाल्या. अमरावतीच्या वकिलाशी झालेलं लग्न टिकलं नाही. त्या राजकोटला बार्टन ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य झाल्या. त्या काळी एका भारतीय बाईला मिळालेलं हे मोठं पद होतं, पगाराचं आणि मानाचं. ते सोडून त्या भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात गेल्या. दोघांनी मिळून १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा केला, शिक्षणपत्रिका चालवली. पुढे मुंबईत दादरला शिशुविहार निघालं. मॉण्टेसरी पद्धत, म्हणजे मुलाने खास साधनं स्वतः हाताळत शिकायची रीत, मराठी घरांत पोचवण्याचं श्रेय ज्या थोड्या लोकांना जातं, त्यांत ताराबाई अगदी वर आहेत. पण ती घरं कोणती होती? फी भरू शकणारी, मुलाला न्यायला-आणायला घरात माणूस असणारी. ताराबाईंना हे दिसत होतं आणि खुपतही होतं. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी त्यांनी बोर्डी गाठली.

अनुताई १९१० च्या, मोरगावच्या. तेराव्या वर्षी लग्न झालं आणि काही महिन्यांतच वैधव्य आलं. त्यानंतर शिक्षण, प्राथमिक शिक्षिकेची नोकरी, मग पुण्याला हुजूरपागेत शिकवणं आणि रात्रशाळेत बसून मॅट्रिक. १९४५ मध्ये बोरिवलीला कस्तुरबा ट्रस्टचं शिबिर होतं. तिथे ताराबाईंची गाठ पडली, खेड्यात कामाला माणूस हवं आहे असं कळलं, आणि त्या निघाल्या. बी.ए. त्या पन्नाशी ओलांडल्यावर, टेकडीवरचं काम सांभाळत झाल्या.

या दोन आयुष्यांकडे नोकरीच्या हिशेबाने पाहावं असं मला वाटतं. दोघींच्याही हातात शहरातली पक्की जागा होती. आपल्याकडे अनुभव वाढला की माणूस वर्गापासून दूर जातो. वर्गशिक्षकाचा मुख्याध्यापक होतो, मुख्याध्यापकाचा अधिकारी, आणि सर्वांत नवखा, सर्वांत कमी पगाराचा माणूस सर्वांत अवघड वस्तीवर पाठवला जातो. इथे प्राचार्यपद भूषवलेली बाई पाड्यावर जाऊन मुलांची नखं कापत होती.

त्या वर्षीचं डहाणू

१९४५ हे साल या भागात साधं नव्हतं. उंबरगाव-डहाणूच्या पट्ट्यात जमीन सावकार-जमीनदारांकडे गेलेली होती आणि वारली त्याच जमिनीवर वेठ करत होते. लग्नासाठी काढलेलं कर्ज फेडायला नवरा-बायकोने जन्मभर धन्याकडे राबायचं, अशांना लग्नगडी म्हणत. २३ मे १९४५ रोजी झरी गावी गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या किसान सभेच्या परिषदेत वेठीला नकार देण्याचं ठरलं. पुढे गवतकापणीच्या मजुरीचा लढा पेटला. १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या आदिवासींवर गोळीबार झाला आणि जेठ्या गांगडसह पाच जण मारले गेले.

बालशिक्षणाचा इतिहास सांगणारे हा भाग सोडून देतात आणि वारल्यांच्या लढ्याचा इतिहास सांगणारे बालवाडीचा भाग सोडतात. प्रकरण समजून घ्यायचं तर दोन्ही एकाच नकाशावर ठेवायला हवेत. ज्या मुलाने बालवाडीत यावं अशी अपेक्षा होती, त्याचा बाप त्याच वर्षी वेठ नाकारत होता.

बोर्डीतला पेच

बोर्डीला शिक्षणाची हवा आधीपासून होती. गोखले एज्युकेशन सोसायटीचं हायस्कूल होतं, आचार्य भिसे यांच्यासारखे माणसं घडवणारे मुख्याध्यापक होते. बालवाडीला गावातल्या सुस्थितीतल्या घरांतून मुलं आली. दलित वस्तीतली आणि आदिवासी वस्तीतली मुलं मात्र आपण होऊन येईनात.

कुणी हाकलत नव्हतं. पण दार उघडं असणं आणि आत पाऊल टाकता येणं यात मोठं अंतर असतं. गावात वाडे वेगळे, पाणवठे वेगळे. चार वर्षांच्या पोराला दुसऱ्या आळीतून चालत आणायला कोण मोकळं होतं? आई-बाप उजाडताच कामावर. अंगावर धड कपडा नाही, म्हणून पाठवायला आईला संकोच. आणि शाळा ही आपली जागा नाही, हे पिढ्यान्‌पिढ्या मुरलेलं.

शाळेच्या व्यवस्थापनाने इथे सहसा दोन गोष्टी केल्या असत्या. एक, पालकांना जागृत करण्यासाठी सभा. दोन, हजेरीसाठी खाऊचं आमिष. ताराबाईंनी पेच उलटा धरला. मूल येत नसेल तर शाळेची जागा आणि वेळ चुकली आहे, असं गृहीत धरून त्यांनी कामाची दोन अंगं केली. मध्यवर्ती बालवाडी ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळेला भरत राहिली. दुसरीकडे शिक्षिका वस्तीत जाऊ लागल्या आणि कुणाच्याही घरापुढच्या अंगणात मुलं गोळा करून बसू लागल्या. वेळ वस्तीच्या सोयीची. हीच अंगणवाडी.

तिथे आधी अंघोळ, नखं, केस, डोळे पुसणं. मग गाणी, गोष्टी, खेळ. अंगणात शिकवण्याचा एक फायदा बांधलेल्या शाळेत कधीच मिळत नाही. आई समोर असते. आजी कुडाच्या भिंतीला टेकून बघत असते. बाई नेमकं काय करतात हे झाकलेलं राहत नाही, आणि दलित वस्तीच्या अंगणात मांडी घालून बसलेली सवर्ण बाई गावालाही दिसते. त्या काळात या दिसण्याला वजन होतं.

स्वच्छतेवरच्या एवढ्या भराबद्दल मला एक गोष्ट स्पष्ट बोलावीशी वाटते. मळकं मूल पाहिलं की मध्यमवर्गीय शिक्षकाला तो संस्कारांचा अभाव वाटतो. खरं कारण पाणी असतं: विहीर कोणाची, किती लांब, तिथे भरू देतात का. मुलाला आंघोळ घालणारी शिक्षिका हा प्रश्न विचारेल की फक्त साबण वाटेल, यावर तिचं काम न्यायाचं होतं की दयेचं होतं हे ठरतं. बोर्डीच्या कामात दयेचा अंश मुळीच नव्हता असं मी म्हणणार नाही. त्या काळच्या सगळ्याच सेवाकार्यात तो होता. पण बाई स्वतः रोज पाणी वाहून आणू लागली की लांबच्या विहिरीचा अर्थ तिला खांद्यावर कळतो, आणि त्यानंतर तिला आईला दोष देता येत नाही.

शिंपले आणि मनोरा

साधनांचा पेच शिक्षणशास्त्राच्या दृष्टीने सर्वांत भरीव आहे, आणि त्याची चर्चा सर्वांत उथळ होते. "महागडी साधनं परवडेनात म्हणून दगड-पानं वापरली" एवढंच सांगितलं जातं.

मॉण्टेसरीच्या साधनांत एक शिस्त असते. गुलाबी मनोऱ्याचे दहा ठोकळे क्रमाने लहान होत जातात. दट्ट्याची, म्हणजे खाचेत बसवायची दंडगोल, ठोकळी चुकीच्या खाचेत घातली तर ती नीट बसत नाही आणि शेवटी एक उरते. म्हणजे चूक साधनच दाखवतं, बाईंना बोलावं लागत नाही. दादरला हे संच होते. बोर्डी-कोसबाडला त्यांच्या जागी शिंपले, बिया, गोटे, पानं, बांबूचे तुकडे, माती आली. लहान-मोठा क्रम लावणं, रंगावरून किंवा पोतावरून निवडणं, जोड्या लावणं हे सगळं शिंपल्यांवर होतं. जे होत नाही ते चूक आपोआप कळणं. शिंपला काही खाचेत बसत नाही. ती जबाबदारी मग शिक्षिकेच्या नजरेवर येते. मूल कुठे अडलं हे तिने पाहायचं, पण तोंडाने सांगायचं नाही. पुढचा शिंपला असा ठेवायचा की त्यालाच कळावं.

याचा अर्थ साधन स्वस्त झालं की शिक्षिका जास्त तयारीची लागते. गरीब वस्तीतली शाळा कमी खर्चात चालते, हा समज मला म्हणूनच धोक्याचा वाटतो. लाकडी संचावर वाचलेला पैसा शिक्षिकेच्या प्रशिक्षणावर घालावा लागतो. बोर्डीला ग्राम बाल अध्यापन मंदिर काढून खेड्यातल्या बायकांना रीतसर तयार करण्याचा जो खटाटोप झाला, त्याचं कारण माझ्या समजुतीप्रमाणे हेच आहे.

कोसबाड

बोर्डी निदान गाव होतं. कोसबाडला पाडे होते, टेकडीच्या उतारांवर विखुरलेले, एका पाड्यावर थोडी घरं आणि मध्ये शेत, ओढा, रान. इथे अंगणवाडीचा उपायही अपुरा पडला, कारण अंगणात मूलच नसायचं.

सहा-सात वर्षांचा मुलगा गुरं घेऊन रानात. त्याच वयाची मुलगी कडेवर भावंड घेऊन घरी. पावसाळ्यात भात-नागलीची लावणी, पुढे कापणी, मग गवत, मग पोटासाठी जंगलकाम नाहीतर बाहेरगावी मजुरी. शाळेचं वेळापत्रक यात कुठेच बसत नव्हतं. मुलीला शाळेत पाठवायचं म्हणजे तान्ह्या पोराला सांभाळायला आईने मजुरी बुडवायची. मुलाला पाठवायचं म्हणजे गुरं दुसऱ्याच्या शेतात जाऊ द्यायची. शिक्षणाचं महत्त्व त्या आईला कळत नव्हतं, असं म्हणणारा माणूस तिचा हिशेब मांडून बघत नाही.

कोसबाडला तो हिशेब मांडला गेला आणि त्यातून विकासवाडी उभी राहिली: पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा, तिन्ही एकाच आवारात. मुलगी भावंडाला घेऊन येऊ दे. तान्हं पाळणाघरात जाईल, मधलं बालवाडीत, ती स्वतः पहिलीत बसेल, आणि मध्येच तिला वाटलं तर जाऊन भावंडाला बघून येईल. कागदावर ही इमारतींची मांडणी दिसते. खरं तर मुलींच्या शिक्षणावरचा मला माहीत असलेला हा सर्वांत नेमका उपाय आहे, आणि "मुलगी शिकवा" असं भिंतीवर न लिहिता केलेला. आणखी एक गोष्ट यातून साधली. बालवाडीतून पहिलीत जाताना मूल गळतं, कारण जागा बदलते, बाई बदलते, गाण्याच्या जागी एकदम पाटी येते. इथे ते त्याच आवारात चार पावलं पुढे जात होतं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा एकसंध पायाभूत टप्पा सांगितला. तो कोसबाडला दोन पिढ्यांआधी चालू होता.

गुराख्यांसाठी कुरणशाळा निघाली. गुरं चरतात तिथे शिक्षक जायचा. दिवसा अजिबात न जमणाऱ्यांसाठी रात्रीचे वर्ग. कुरणात मोजायला गुरं असतात, ओळखायला झाडं असतात, आणि या विषयांत मूल बाईंपेक्षा जास्त जाणतं. शिकवणाऱ्याला आपलं अज्ञान मुलासमोर मान्य करावं लागतं. वर्गातल्या वारली मुलाला ही संधी कधी मिळत नाही. तिथे पुस्तकी मराठी बोलणारा शिक्षक जाणता आणि वारली बोली बोलणारं मूल मुकं ठरतं.

आक्षेप

कुरणशाळेवर एक सरळ आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाणं बरोबर नाही. मूल गुरं राखतं हे मान्य करून शाळा त्याच्याकडे गेली, म्हणजे बालमजुरी मान्य केली. परुळेकरांच्या बाजूने पाहणारा विचारेल: गुरं कोणाची, जमीन कोणाची, मजुरी किती, हे न विचारता अक्षरं शिकवून काय बदललं?

आक्षेपात तथ्य आहे. कोसबाडचं काम राजकारणापासून दूर राहिलं. वेठ मोडली ती संघटनेने, बालवाडीने नाही. वेठ मोडली नसती तर कुरणशाळेत शिकलेलं पोर पुन्हा धन्याच्या अंगठ्याखालीच गेलं असतं.

तरीही मी ताराबाई-अनुताईंच्या बाजूने उभा राहतो, आणि त्याला कारण मुलाचं वय आहे. तीन ते सहा या वर्षांत भाषा, हात आणि धीर यांची जी घडण होते, ती जमिनीचा निकाल लागेपर्यंत थांबत नाही. शाळा लवचीक झाली म्हणून मजुरी टिकली, असंही घडल्याचं दिसत नाही. ती दारिद्र्याने टिकली. याउलट शासनाने आदिवासी मुलांसाठी पुढे जो मुख्य मार्ग निवडला, त्या आश्रमशाळेने मुलाला घरापासून, बोलीपासून, पाड्यापासून उचलून नेलं. त्यातून शिकून पुढे गेलेली माणसं आहेत, त्यांचं मोल कमी नाही. पण शाळेने मुलाकडे जाण्याची जी दिशा कोसबाडने दाखवली होती, ती त्यात सुटली. ती पुढे उचलली संघटनांनी: वीटभट्टीवर गेलेल्या मुलांसाठी विधायक संसद या संघटनेने काढलेली भोंगाशाळा कुरणशाळेच्याच वंशातली आहे, आणि तिथे मजुरीचा प्रश्नही सोबत विचारला गेला. माझ्या मते ही दुरुस्ती योग्य दिशेची आहे.

माणसं टिकली

ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं. १९७३ मध्ये त्या गेल्या. संस्थापक गेल्यावर आपल्याकडे संस्थेचं काय होतं ते वेगळं सांगायला नको. इथे तसं झालं नाही, कारण अनुताई तेव्हा अठ्ठावीस वर्षं त्याच कामात होत्या आणि अंगणातलं काम ताराबाईंपेक्षा त्यांच्याच हातून जास्त गेलं होतं. १९८२ मध्ये शिक्षणतज्ज्ञ रमेश पानसे यांच्यासह त्यांनी ग्राममंगल ही संस्था सुरू केली, पुढे पद्मश्री मिळाली, १९९२ मध्ये त्यांचं निधन झालं. सत्तेचाळीस वर्षं एका तालुक्यात. नेतृत्वाचे अभ्यासक्रम दृष्टी, धोरण, संवाद यांवर तास घेतात. एका जागी इतकं राहिल्याशिवाय पाड्यावरची आई विश्वास टाकत नाही, याला त्यांच्या वेळापत्रकात तास नाही.

देशभर गेल्यावर

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली. तिच्या केंद्रांचं नाव अंगणवाडी. पुढे ती गावोगाव पोचली, आणि कोट्यवधी मुलांच्या पोटात रोज काहीतरी पडतं ते तिच्यामुळे. हे मोठं काम आहे.

पण कोसबाडहून काय घेतलं आणि काय मागे ठेवलं ते बघा. स्थानिक बाई घेतली, वस्तीतली जागा घेतली. पाळणाघर मागे राहिलं. तीन वर्षांखालच्या मुलासाठी शिधा मिळाला, दिवसभर सांभाळणारं माणूस मिळालं नाही, म्हणून थोरली बहीण आजही घरीच. प्राथमिक शाळेशी असलेलं नातं मागे राहिलं. दोन खाती झाली, दोन साहेब झाले. वेळेची लवचीकता गेली. आणि सर्वांत मोठं म्हणजे शिक्षिकेचा दर्जा गेला. सेविकेला पगार नाही, मानधन. तिच्याकडे पोषण, लसीकरण, सर्वेक्षण, मोबाइलवरच्या नोंदी, आणि उरलेल्या वेळात मुलांना शिकवणं. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की अंगणवाडी सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या सेविका वेतनासाठी पुन्हा संपावर गेल्या होत्या.

माध्यमिक शाळेत शिकवणाऱ्याला वेतनश्रेणी आणि चार वर्षांच्या मुलाला घडवणारीला मानधन, यामागे एक समजूत आहे: लहान मुलांचं काम म्हणजे बाईमाणसाची स्वाभाविक माया, तिला कसली विद्या लागते. शिंपल्यांचं उदाहरण वर दिलं ते यासाठीच. गरीब वस्तीत, साधनांशिवाय, दुसऱ्या बोलीत तीन वर्षांच्या मुलाला शिकवायला या देशातली सर्वांत तयार शिक्षिका लागते, हे बोर्डीला १९४५ मध्ये कळलं होतं.

आता नव्या धोरणाखाली अंगणवाडीला शाळेशी जोडण्याचं काम चालू आहे. ज्यांच्या सहीने हे होणार आहे त्यांनी त्यात चार गोष्टी घालाव्यात. सेविकेला शिक्षिकेचं पद आणि वेतनश्रेणी. पाड्यावरच राहून घेता येईल असं निदान वर्षभराचं प्रशिक्षण. नोंदी आणि सर्वेक्षणासाठी वेगळा माणूस. आणि प्रत्येक अंगणवाडीच्या आवारात पाळणाघर, म्हणजे भावंडाला कडेवर घेऊन दारात उभ्या असलेल्या मुलीला आत येता येईल.